होमोसिस्टीनचा आकडा आणि आपले ताट

गेल्या काही वर्षांत घनसावंगीसारख्या तालुक्याच्या गावातही रक्ततपासणीची 'पॅकेजे' येऊन पोहोचली आहेत. एकाच वेळी साठ-सत्तर तपासण्या, घरी येऊन रक्त नेणार, दुसऱ्या दिवशी मोबाईलवर अहवाल. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉईड ही नावे आपल्या लोकांना आता पाठ झाली आहेत. त्यांच्या खाली एक नवे नाव दिसू लागले आहे : होमोसिस्टीन. त्याच्यापुढचा आकडा ठळक छापलेला असला की घरात घबराट उडते. "हे वाढले म्हणजे हार्ट अटॅक येतो," असे कुणीतरी सांगतो, दुसरा कुणी हजार-दीड हजाराची गोळ्यांची बाटली सुचवतो, आणि सोयाबीनच्या पट्टीतले पैसे त्या बाटलीत जातात.

या विषयावर आमचे मत आम्ही सुरुवातीलाच मांडतो. आपल्या भागात होमोसिस्टीन वाढण्याचे नेहमीचे कारण बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता हे आहे. ती भरून काढायला महागडी बाटली लागत नाही. ताटात नियमित अंडे, मासे, कलेजी, मटण किंवा दूध लागते, आणि ते जमत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने एक साधी, स्वस्त गोळी. त्याबरोबर आपल्या खाण्याची लाज सोडावी लागेल आणि मुलांच्या ताटातल्या अंड्यासाठी सरकारला जाब विचारावा लागेल.

होमोसिस्टीन म्हणजे काय?

आपण डाळ, दूध, अंडी, मटण खातो, त्यातून शरीराला प्रथिने मिळतात. या प्रथिनांत मेथिओनीन नावाचा एक घटक असतो. शरीर तो वापरते तेव्हा वाटेत होमोसिस्टीन तयार होते. म्हणजे होमोसिस्टीन हे बाहेरून आलेले विष नव्हे. ते प्रत्येकाच्या रक्तात असते, आणि शरीर त्याचा निचरा करत राहते.

पावसाळ्यात काळ्या रानातले पाणी चरातून निघून जाते, तसा हा निचरा आहे. होमोसिस्टीनला दोन चर आहेत. पहिल्या चरातून ते पुन्हा मेथिओनीन बनते. त्या कामाला फोलेट आणि बी-१२ ही दोन्ही जीवनसत्त्वे एकाच वेळी लागतात. दुसऱ्या चरातून त्याचे सिस्टीन नावाच्या दुसऱ्या घटकात रूपांतर होते, त्याला बी-६ लागते. चर बुजला की रानात पाणी साचते. तसे बी-१२ किंवा फोलेट कमी पडले की रक्तात होमोसिस्टीन साचते. उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात ते साधारण ५ ते १५ मायक्रोमोल प्रतिलिटर असणे ठीक मानतात.

पाणी साचलेले दिसले की शहाणा शेतकरी चर कुठे बुजला ते पाहतो. आपणही तेच करायचे आहे.

पुण्याच्या अभ्यासाने काय दाखवले?

या प्रश्नावर जगाने दखल घ्यावी असे काम आपल्या महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतले, शहरातल्या झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले अशा ४४१ पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १०० पैकी ६७ पुरुषांत बी-१२ कमी होते आणि ५८ जणांत होमोसिस्टीन १५ च्या वर होते. फोलेटच्या कमतरतेचा वाटा फार थोडा होता. खरा चर बुजला होता तो बी-१२ चा.

सर्वांत वाईट अवस्था कुणाची होती? शहरी मध्यमवर्गाची. त्यांच्यात १०० पैकी ८१ जणांत बी-१२ कमी आणि ७९ जणांत होमोसिस्टीन जास्त आढळले. वारंवार मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहारी माणसाला बी-१२ कमी असण्याचा धोका चौपटीहून अधिक होता.

हे का घडते, त्याचे कारण निसर्गात आहे. बी-१२ फक्त सूक्ष्म जीवाणू तयार करतात. गाय-म्हैस-शेळीच्या पोटातले जीवाणू ते बनवतात आणि तिथून ते दुधात, मांसात, कलेजीत उतरते. माशांत आणि अंड्यांतही ते असते. ज्वारी, बाजरी, डाळी, भाज्या, फळे यांत ते नसते. कितीही पालक खाल्ला, कितीही मोड आलेली मटकी खाल्ली, तरी बी-१२ मिळत नाही. 'शुद्ध सात्त्विक' म्हणून ज्या ताटाचा उदो उदो होतो, त्यात दूध-दही भरपूर नसेल, तर तेच ताट रक्ताच्या तपासणीत उघडे पडते.

"आपण तर मटण खातो" हा गैरसमज

यावर आपल्या वस्तीतला माणूस चटकन म्हणेल, "हे बामणा-वाण्यांचं दुखणं. आपण मांसाहारी, आपल्याला काय होतंय?" हा गैरसमज आधी दूर व्हायला हवा. आपण मांसाहारी आहोत ते नावाने. एक किलो मटणाला मजुराची दोन दिवसांची मजुरी जाते. पंधरा दिवसांनी किंवा सणा-कार्यक्रमाला एकदा अर्धा किलो मटण आणायचे, त्यात घरची सात माणसे आणि वर पाहुणा. बायकांच्या वाट्याला रस्सा आणि खालची वाटी. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे चार-पाच महिने तर भाकरी, ठेचा आणि कधी पातळ वरण यांवरच निघतात. दूध घरात असले तर ते डेअरीला जाते, कारण रोख पैसा तिथूनच येतो. अशा घरातली बाई कागदावर मांसाहारी असते, पण तिच्या रक्तात बी-१२ शाकाहाऱ्याइतकेच कमी असू शकते.

पूर्वी गरिबाच्या चुलीवर कलेजी, वजडी, रक्ती हे सगळे शिजायचे. मांसाच्या पट्ट्या वाळवून केलेल्या चान्या पावसाळ्यासाठी गाडग्यात ठेवल्या जायच्या. मराठवाड्यातल्या दलितांच्या या खाद्यसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहिले आहे, ते प्रत्येक घरात असावे असे आम्हाला वाटते. जे तुकडे इतरांनी टाकून द्यायचे म्हणून आपल्या वाट्याला आले, त्यांतल्या कलेजीत बी-१२ सर्वांत जास्त असते. ही आपल्या गरिबीची भलामण नव्हे. ते ताट अपमानातून आले होते, हे आम्ही विसरत नाही.

म्हणूनच एक फरक नीट समजून घ्यावा लागतो. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडायला सांगितले. मेलेले ढोर ओढायचे, त्याच्या बदल्यात त्याचेच मांस खायचे, ही गुलामी होती, आणि सडलेल्या मांसातून रोगही होत. आपल्या आजोबा-पणजोबांनी ती गुलामी झुगारली, ते योग्यच झाले. पण त्या हाकेचा अर्थ ताज्या, स्वच्छ, स्वकष्टाच्या पैशाने विकत घेतलेल्या अन्नाचीही लाज बाळगा, असा नव्हता. आज शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या आपल्या कुटुंबांत एक गोष्ट घडते आहे. भाड्याची खोली मिळावी म्हणून "आम्ही नॉनव्हेज खात नाही" असे सांगावे लागते. मुलाच्या डब्यात अंडे द्यायला आई कचरते, कारण शाळेत इतर मुले नाक मुरडतात. हळूहळू ते सांगणे खरे होते. घरात पैसा येतो, ताट मात्र अधिक रिकामे होते. पुण्याच्या अभ्यासातला ८१ चा आकडा ज्या वर्गाचा आहे, त्याच वर्गाचे ताट आपण 'प्रतिष्ठेचे' म्हणून उचलतो आहोत.

त्यातच स्वस्त मांसाचा मार्ग कायद्याने अरुंद झाला. गायींच्या कत्तलीवर राज्यात आधीपासून बंदी होतीच, २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. याची किंमत ज्यांच्या ताटात तेवढेच परवडणारे मांस होते, त्यांनी मोजली. कायदा करताना कुणीही गरिबाच्या रक्तातले बी-१२ मोजले नाही.

परळच्या गिरणगावाने जगाला दिलेला धडा

पहिल्या चराला बी-१२ सोबत फोलेटही लागते, असे वर म्हटले. या फोलेटचा शोध मुंबईत सुरू झाला, हे फार थोड्यांना माहीत असते. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायका एका विशिष्ट रक्तक्षयाने मरत होत्या. विल्सबाईंनी जंतू शोधण्याबरोबर त्या बायका काय खातात तेही पाहिले. गरीब बायकांना हा रोग जास्त होतो आणि त्यांच्या जेवणात काहीतरी कमी आहे, हे त्यांच्या लक्षात आले. यीस्टपासून केलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने त्या बायका बऱ्या झाल्या. १९३१ साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. त्या पदार्थातला गुणकारी घटक म्हणजेच पुढे सापडलेले फोलेट. आज प्रत्येक गरोदर बाईला मिळणाऱ्या लोह-फॉलिक अॅसिडच्या लाल गोळीमागे परळच्या त्या कष्टकरी बायका आहेत.

ही गोळी घ्यायलाच हवी. बाळाच्या मणक्याचे आणि मेंदूचे जन्मजात दोष टाळायला आणि आईचे रक्त वाढायला ती लागते. "गोळीने उलटी होते, बाळ काळं होतं" असल्या गोष्टींवर विश्वास ठेवून ती फेकू नका. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्या आणि आशाताईंशी बोला.

पण एक गोष्ट अजून सरकारच्या लक्षात यायची आहे. या गोळीत लोह आणि फॉलिक अॅसिड असते, बी-१२ नसते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात दोन-तृतीयांश गरोदर बायकांत बी-१२ कमी आढळले, फोलेटची कमतरता मात्र क्वचितच दिसली. त्या बायकांची मुले सहा वर्षांची झाल्यावर तपासली. ज्या आयांचे फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत इन्सुलिनचा प्रभाव सर्वांत कमी दिसला. पुढे मधुमेह होण्याची वाट इथूनच सुरू होते. २००८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एक चाक मोठे आणि दुसरे लहान असले तर बैलगाडी सरळ चालत नाही, तसेच हे आहे. दुसरे चाक नीट करायचे असते. पहिले काढून टाकायचे नसते.

आणखी एक धोका आहे. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक अॅसिड भरपूर घेतले, तर रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण नसांचे नुकसान आतल्या आत सुरूच राहते. म्हणून 'रक्त वाढले' एवढ्यावर समाधान मानू नये.

आकड्यामागे धावू नका

आता मुख्य भीतीकडे येऊ. होमोसिस्टीन आणि हृदयविकार यांचे नाते काय?

१९६९ साली अमेरिकेतील डॉ. किल्मर मॅक्कली यांनी दाखवले, की ज्या मुलांत जन्मजात दोषामुळे होमोसिस्टीन प्रचंड वाढते, त्यांच्या रक्तवाहिन्या लहान वयातच खराब होतात. पुढे अनेक पाहण्यांत होमोसिस्टीन जास्त असलेल्यांत हृदयविकार आणि पक्षाघात अधिक दिसले. मग साहजिकच प्रश्न आला : गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरवले तर झटके टळतील का? याची कसोटी घेतली गेली. नॉर्वेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३७४९ रुग्णांना बी गटाची जीवनसत्त्वे दिली. कॅनडाच्या पुढाकाराने दुसऱ्या चाचणीत साडेपाच हजारांहून अधिक रुग्णांना पाच वर्षे दिली. २००६ साली दोन्हींचे निकाल आले. होमोसिस्टीन उतरले, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. पक्षाघाताच्या बाबतीत मात्र काही फायदा दिसतो. चीनमध्ये रक्तदाबाच्या २० हजारांहून अधिक रुग्णांना रक्तदाबाच्या औषधासोबत फॉलिक अॅसिड दिले, तेव्हा पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण १०० मध्ये ३.४ वरून २.७ वर आले. २०१५ सालचा हा निकाल आहे.

मोठ्या मात्रेच्या गोळ्या निरुपद्रवी असतात, असेही नाही. मधुमेहाने मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णांना कॅनडात बी गटाच्या मोठ्या मात्रा दिल्या, तेव्हा होमोसिस्टीन उतरले, पण त्यांच्या मूत्रपिंडाचे काम अधिक वेगाने घटले. हा निकाल २०१० चा. बी-६ च्या मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेतल्या तर नसांनाच इजा होते.

यातून आम्ही काढतो तो निष्कर्ष साधा आहे. हृदय सांभाळायचे असेल तर बिडी-सिगारेट सोडा, रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवा, रोज चाला. दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपण बावीस प्रतिज्ञांत घेतलीच आहे, ती पाळा. दारू फोलेट घटवते आणि होमोसिस्टीन वाढवते. होमोसिस्टीनचा वाढलेला आकडा ही बी-१२ कडे बोट दाखवणारी खूण म्हणून वापरा. 'हृदयाची हमी' म्हणून बाटली विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : ही गोळी घेऊन झटके कमी झाल्याचा पुरावा कुठे आहे? कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही तर तथागतांची शिकवण आहे.

तपासणी कोणी, कशी करावी?

होमोसिस्टीनच्या तपासणीत एक व्यवहाराची अडचण आहे आणि ती आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. रक्त काढल्यानंतर रक्तपेशी त्यात होमोसिस्टीन सोडत राहतात. नमुना लगेच बर्फात ठेवला नाही किंवा पेशी लवकर वेगळ्या केल्या नाहीत, तर आकडा तासागणिक फुगत जातो. मे महिन्यात घनसावंगीत सकाळी काढलेले रक्त जीपमधून जालन्याला, तिथून छत्रपती संभाजीनगरला गेले, तर शेवटी आलेला आकडा माणसाच्या आजाराचा की रस्त्यातल्या उन्हाचा, हे कोण सांगणार? म्हणून हजार रुपयांच्या पॅकेजपेक्षा बी-१२ ची आणि हिमोग्लोबिन-रक्तपेशींची साधी तपासणी जास्त उपयोगी. बी-१२ साधारण २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर कमतरता धरतात. आकडा सीमेवर असेल आणि लक्षणे असतील, तेव्हा डॉक्टरांनी सांगितल्यास होमोसिस्टीन नक्की तपासा.

तपासणी कुणी करून घ्यावी? ज्यांच्या हातापायाला मुंग्या येतात, तळपाय जळतात, अंधारात तोल जातो, जीभ लाल-गुळगुळीत होते, सतत थकवा किंवा अलीकडे विसर वाढला आहे, त्यांनी. 'वय झालं' म्हणून आजीच्या मुंग्या सोडून देऊ नका. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी आणि पित्तासाठी रोज पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेणाऱ्यांनीही, कारण या औषधांनी बी-१२ चे शोषण कमी होते. औषध मनाने बंद करू नका, डॉक्टरांना फक्त बी-१२ बद्दल विचारा. पूर्ण शाकाहारी माणसांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर जरूर. आईच्या अंगात बी-१२ नसेल तर तिच्या दुधातही ते कमी उतरते. अशी तान्ही मुले सुस्तावतात, शिकलेले विसरतात, कधी त्यांचे अंग थरथरते. असे दिसले तर अंगारा-धुपारा करत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मूत्रपिंडाचा आजार आणि थायरॉईड कमी असणे यांमुळेही होमोसिस्टीन वाढते. बी-१२ ठीक असूनही आकडा जास्त असेल तर डॉक्टर ते पाहतील.

ताटात काय असावे?

प्रौढ माणसाला दिवसाला बी-१२ लागते जेमतेम दोन ते अडीच मायक्रोग्रॅम. एका अंड्यात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम मिळते, मोठा पेलाभर दुधात साधारण एक. बकऱ्याच्या थोड्याशा कलेजीत तर कित्येक दिवसांची बेगमी असते आणि यकृत ती साठवूनही ठेवते. म्हणजे रोज मटण लागत नाही. आमचा सल्ला असा :

आठवड्यातून तीन-चार दिवस प्रत्येकाला एक अंडे, आणि 'प्रत्येकाला' यात सून आणि मुलगीही आली. पंधरा दिवसांतून एकदा पाव किलो कलेजी आणून घरात सर्वांना वाटून द्यावी. गरोदर बायकांनी मात्र कलेजी फार वेळा खाऊ नये, तिच्यात अ जीवनसत्त्व अति असते. तीर्थपुरी किंवा कुंभार पिंपळगावच्या बाजारात सुकट-बोंबील मिळतात. मूठभर सुकट कांद्यावर परतली की भाकरीबरोबर चार जणांचे जेवण होते. रक्तदाब असलेल्यांनी ती धुऊन, खारटपणा काढून खावी. गोदाकाठच्या गावांत मासळी ताजी मिळते. घरी दुभते जनावर असेल तर सगळे दूध डेअरीला न घालता पोरांच्या वाटणीचे आधी बाजूला काढावे.

फोलेटसाठी बाहेर जायची गरज नाही. हरभरा, मूग, चवळी, शेंगदाणे, पालक, मेथी, तांदुळजा, शेपू, अंबाडी यांत ते भरपूर आहे. पालेभाजी फार वेळ शिजवू नका आणि तिचे पाणी फेकू नका, फोलेट त्या पाण्यातच उतरते. बी-६ केळी, हरभरा, बटाटा, शेंगदाणे, मासे यांतून मिळते. आपली ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि सोबत एक उकडलेले अंडे, एवढ्यात होमोसिस्टीनचे दोन्ही चर मोकळे राहतात.

रेशनच्या तांदळात काही वेगळे दिसणारे दाणे सापडले की "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून बायका ते निवडून टाकतात. तसे करू नका. ते पोषणयुक्त दाणे आहेत, त्यांत लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ घातलेले असते. पण त्यावर भिस्तही ठेवू नका. अशा एक किलो तांदळात बी-१२ साधारण एक मायक्रोग्रॅमच असते, आणि ज्वारी-बाजरी खाणारे आपण दिवसाला भात तो किती खाणार?

ज्यांनी मांस सोडले आहे त्यांच्यासाठी

विपश्यनेनंतर किंवा वर्षावासापासून मांसाहार सोडलेली कुटुंबे आपल्यात आहेत. तो त्यांचा विचारपूर्वक निर्णय आहे आणि आम्ही त्याचा आदर करतो. मात्र मांस खाणारा उपासक कमी दर्जाचा, असे कुणी म्हणू नये. भिक्खूंनी मासे-मांस पूर्ण वर्ज्य करावे ही देवदत्ताची मागणी भगवान बुद्धांनी मान्य केली नव्हती, हे विनयपिटकात नोंदलेले आहे. ज्याला सोडायचे त्याने सोडावे, दुसऱ्याच्या ताटावर बोट ठेवू नये.

मांस सोडलेल्यांनी दूध-दही रोज घ्यावे, चालत असेल तर अंडे घ्यावे, आणि बी-१२ ची गोळी डॉक्टरांना विचारून नियमित ठेवावी. कमतरता आढळली तर डॉक्टर बहुधा ५०० ते १००० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी देतात. नसांचा त्रास जास्त असेल तर सुरुवातीला इंजेक्शने देतात. साधी सायनोकोबालामिनची गोळी पुरते. 'मिथाईल' नाव लावून दसपट किमतीत विकल्या जाणाऱ्या बाटलीची बहुतेकांना गरज नसते. स्पिरुलिनाच्या गोळ्यांत बी-१२ असल्याची जाहिरात होते, पण त्यातले बी-१२ शरीराला वापरता येत नाही. वनस्पतीचा औषधी काढा बी-१२ देतो असे कुणी म्हणाले, तर तो एकतर अजाण आहे किंवा विक्रेता आहे.

अंड्याचा प्रश्न हा हक्काचा प्रश्न आहे

घरोघरी ताट सुधारा म्हणणे सोपे आहे. पण ज्या घरात अंड्यालाच पैसे नाहीत, त्या घराचे काय? इथे सरकारची जबाबदारी सुरू होते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले. जे खात नाहीत त्यांना केळे किंवा फळ द्यायचे होते. कुणावर सक्ती नव्हती, तरी विरोध झाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठी वेगळा निधी देणे थांबवले आणि अंडे द्यायचे असेल तर शाळांनी लोकवर्गणीतून द्यावे, असा मार्ग दाखवला. लोकवर्गणी कुठे जमते? जिथे पालकांच्या घरी अंडी आधीच असतात तिथे. जिथे पालक कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले असतात, त्या गावात वर्गणी कोण देणार? तमिळनाडूत शाळेच्या प्रत्येक दिवशी मुलाला अंडे मिळते. आपल्याच राज्यात आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंडी दिली जातात. मग मराठवाड्यातल्या मजुराच्या मुलाने काय गुन्हा केला?

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. शालेय पोषण आहारात आठवड्यातून किमान तीन अंडी सरकारी खर्चाने द्यावीत. अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातांना अंडी मिळावीत, ऊसतोडीला गेलेल्या मातांना ती कारखान्याच्या तळावर मिळावीत. लोह-फॉलिक अॅसिडच्या गोळीत बी-१२ घालण्याचा निर्णय केंद्र सरकारने घ्यावा. ग्रामीण रुग्णालयात बी-१२ ची तपासणी आणि गोळ्या मोफत मिळाव्यात.

या मागण्या फक्त छापून भागणार नाही. येत्या ग्रामसभेत अंड्याचा ठराव मांडा. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतात, त्यांनी तो लिहून घ्यावा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा. १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गावोगावी आरोग्य शिबिरे होतात, त्यांत साखरेबरोबर बी-१२ ची तपासणी ठेवा. भोजनदानात खीर-पुरीच्या जोडीला उकडलेली अंडी ठेवा, ज्याला नको त्याला केळे द्या. बुद्धविहारात महिन्यातून एकदा महिला मंडळाने या विषयावर बोलावे आणि वाढताना बाईचे ताट आधी वाढले जाते का, हेही विचारावे.

आपल्या मुलांनी शिकावे, मोठ्या पदावर जावे यासाठी आपण पोटाला चिमटा काढतो. पण शिकणारा मेंदू रक्तावर चालतो आणि रक्त ताटावर. उद्या कुणाचा होमोसिस्टीनचा अहवाल लाल आकड्यानिशी आला, तर बाटलीच्या दुकानात जाण्याआधी घरातल्या प्रत्येकाने गेल्या आठवड्यात किती अंडी, किती दूध, किती मासे खाल्ले ते एका कागदावर लिहा आणि तो कागद अहवालासोबत डॉक्टरांना दाखवा.

जय भीम!